आधुनिक डॉलर नाण्यांची प्रतवारी: कोणत्या संस्थेकडे पाठवावीत?

प्रेषक: अनघा (एडिसन)
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार,

माझे सासरे १९७० च्या दशकात न्यू जर्सीत आले तेव्हापासून त्यांना डॉलरची नाणी जमवण्याची हौस होती आणि त्यांच्या पश्चात ती सगळी पेटी आता आमच्याकडे आली आहे. तीत आयझेनहॉवर डॉलरांची कागदी पाकिटे, राष्ट्राध्यक्ष मालिकेतील न फोडलेले रोल (नाण्यांच्या गुंडाळ्या), टांकसाळीकडून आलेले काही प्रूफ संच (संग्राहकांसाठी खास पाडलेली चकचकीत नाणी) आणि चांदीची बरीच ‘ईगल’ नाणी आहेत. येथील एका दुकानदाराने सगळी नाणी आपल्यामार्फत पीसीजीएस या प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे पाठवण्याचा आग्रह धरला आहे, कारण त्याच्या म्हणण्यानुसार स्लॅब (प्रतवारीनंतरची सीलबंद डबी) नसलेल्या नाण्याला आजकाल कुणी विचारत नाही. माझा मुलगा मात्र एनजीसी या दुसऱ्या संस्थेचे नाव घेतो. काही नाणी विकून उरलेली मुलांसाठी ठेवावीत, असा आमचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
अनघा


प्रेषक: मुकुंद (फिलाडेल्फिया)
विषय: उत्तर: डॉलर नाण्यांची प्रतवारी

अनघाताई, नमस्कार.

कोणत्या संस्थेकडे पाठवावे हा प्रश्न दुसरा आहे. पाठवावे की नाही, हा पहिला. दुकानदाराचा सल्ला सरसकट मानलात, तर पेटीतल्या बहुतेक नाण्यांवर त्यांच्या किमतीहून अधिक शुल्क भराल, कारण प्रत्येक नाण्यामागे प्रतवारीचे शुल्क, त्यावर हाताळणीखर्च आणि विमा उतरवलेले परतीचे टपाल असा तिहेरी खर्च असतो आणि नाण्याला कोणताही दर्जा मिळाला तरी तो टळत नाही.

तरीही संस्थांची तोंडओळख आधी करून देतो. ॲनॅक्स ही त्यांतली सर्वांत जुनी. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ती १९७२ मध्ये केवळ नाण्यांचा खरेखोटेपणा तपासण्यासाठी सुरू केली आणि १९७९ पासून ती दर्जाही देऊ लागली. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये निघाली. या दोघींनी नाणे प्लॅस्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, सील करून देण्याची पद्धत रुळवली आणि आज बाजारात दबदबा आहे तो यांचाच. आयसीजी १९९८ ची. चौघीही एक ते सत्तर अशी शेल्डन मोजपट्टीच वापरतात, जी मुळात जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १९४९ मध्ये मांडली गेली होती. मोजपट्टी एकच असली, तरी एकाच दर्जाच्या चार स्लॅबना बाजार एकच भाव देत नाही, आणि फरक पडतो तो तिथे. लेबलांवरचे शब्दही थोडे वेगळे असतात. प्रूफला एक ‘पीआर’ लिहिते तर दुसरी ‘पीएफ’; आरशासारख्या पार्श्वभूमीवर पांढुरके चित्र उठून दिसणारे नाणे एकीचे ‘डीप कॅमिओ’ ते दुसरीचे ‘अल्ट्रा कॅमिओ’. त्यात अर्थाचा फरक नाही.

आता पेटीतील नाण्यांकडे वळू. प्रूफ संच मुळीच पाठवू नका. टांकसाळ प्रूफ नाणी इतकी निगुतीने पाडते आणि बंद करून देते की राष्ट्राध्यक्ष मालिकेतील बहुतेक प्रूफ सहजपणे एकोणसत्तर मिळवतात आणि त्यामुळेच एकोणसत्तरला फारसा भाव नाही. सत्तर म्हणजे पाचपट भिंगाखाली टांकसाळीनंतरचा एकही दोष न दिसणारे नाणे, अशी एनजीसीची व्याख्या आहे. सत्तर आणि एकोणसत्तर यांतला फरक बहुतेकांना नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही, पण पैसे मोजले जातात ते त्याच फरकासाठी. मला व्यक्तिशः हा व्यवहार नाण्याचा कमी आणि लेबलाचा अधिक वाटतो.

राष्ट्राध्यक्ष मालिकेचे रोल हे दुसरे प्रकरण. चलनासाठी ही नाणी २००७ ते २०११ पर्यंत एवढी पाडली गेली की फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत एक अब्जाहून अधिक नाणी पडून राहिली आणि शेवटी चलनासाठीचे उत्पादन थांबवून ती केवळ संग्राहकांसाठी पाडण्याचा निर्णय झाला. म्हणून साधे नाणे म्हणजे एक डॉलर, एवढेच धरून चाला. मात्र प्रत्येक नाण्याची कड बघा. २००७ आणि २००८ च्या नाण्यांवर वर्ष, टांकसाळीची खूण आणि दोन्ही बोधवाक्ये कडेवर कोरलेली असत आणि हे काम छाप मारून झाल्यावर वेगळ्या यंत्रावर होई. २००७ च्या जॉर्ज वॉशिंग्टन डॉलरांचा एक मोठा गट त्या यंत्रात न जाताच बाहेर पडला. कड सपाट असलेले असे नाणे सापडले तर ते अवश्य पाठवा. कड घासून अक्षरे घालवलेली नाणीही फिरत असल्यामुळे संस्थेच्या शिक्क्याला इथे खरा अर्थ आहे. अशा नाण्यासाठी मी एनजीसीला पसंती देईन, कारण तिच्या डबीत नाणे छोट्या दातांवर पकडलेले असते आणि कड बाहेरून वाचता येते. अक्षरे उलटी दिसली की सुलटी, याला महत्त्व देऊ नका. साध्या नाण्यांवर ती योगायोगानेच तशी पडतात.

सॅकाजाविया या मूळ अमेरिकन स्त्रीचे चित्र असलेले डॉलर असतील, तर २००० सालचे फिलाडेल्फियाचे नाणे वेगळे ठेवा. त्या वर्षी चीरिऑस या न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यांतून ५,५०० नाणी वाटली गेली होती आणि त्यांतील काहींवर गरुडाच्या शेपटीची पिसे अधिक ठसठशीत आहेत. त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट सांगतो. नाण्याच्या दर्शनी बाजूची रचना करणाऱ्या शिल्पकार ग्लेना गुडएकर यांना मानधन म्हणून ५,००० डॉलर मिळाले, तेही याच नाण्यांत आणि खास झळाळी देऊन. ही नाणी प्रथम आयसीजीच्या डब्यांत आली. म्हणजे मोठ्या दोघींच्या पलीकडचे लेबल म्हणजे काहीतरी दुय्यम, असे सरसकट समजू नये.

आयझेनहॉवर डॉलर १९७१ ते १९७८ या काळातले आणि तुमच्या पेटीतला खरा माल कदाचित हाच. नाणे ३८.१ मिलिमीटर व्यासाचे, जड, बहुतेक तांबे-निकेलचे. पिशव्यांत एकमेकांवर आपटून त्याच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले नाहीत असे नाणे विरळा. म्हणूनच इथे पासष्टावरून सहासष्टावर आणि सहासष्टावरून सदुसष्टावर जाताना भाव उड्या मारतो, आणि त्या वरच्या दर्जांसाठी मी पीसीजीएसकडेच जाईन. तिच्या संग्रहस्पर्धेत, म्हणजे रजिस्ट्रीत, तिचीच नाणी चालतात, त्यामुळे सर्वोत्तम संच जमवणारे श्रीमंत हौशी लोक तिचाच स्लॅब मागतात.

चांदीची ईगल नाणी तिरप्या उजेडात धरून बघा. त्यांवर कालांतराने दुधाचे थेंब सांडल्यासारखे पांढरे डाग उमटतात, आणि डबीत बंद केल्यानंतर उमटलेले असे डाग संस्था आपल्या हमीत धरत नाहीत. ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीझेस’ या लेबलांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. नाणे विक्रीला आल्यापासूनच्या पहिल्या काही आठवड्यांत संस्थेपर्यंत पोहोचले, एवढाच त्यांचा अर्थ. कोणते नाणे आधी पाडले याची नोंद टांकसाळ ठेवत नाही.

कळावे,
मुकुंद


प्रेषक: शिरीष (बॉल्टिमोर)
विषय: उत्तर: उत्तर: डॉलर नाण्यांची प्रतवारी

मुकुंदरावांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे. आयझेनहॉवरबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. अनघाताई ती सगळी विकणार नाहीत, काही मुलांसाठी ठेवणार आहेत. ठेवायच्या नाण्यांसाठी रजिस्ट्रीचा विचार कशाला? ॲनॅक्सकडे पाठवण्यासाठी सभासद व्हावे लागत नाही. मोठ्या दोघींकडे मात्र थेट पाठवायचे तर सभासदत्व घ्यावे लागते, नाहीतर दुकानदाराच्या हाती नाणी द्यावी लागतात, आणि त्या दुकानदाराचा आग्रह कशासाठी असावा हे सांगायला नको.

शिवाय या मालिकेत दर्जाइतकीच महत्त्वाची असते ती व्हरायटी, म्हणजे साच्यातल्या फरकामुळे पडलेला नाण्याचा उपप्रकार. १९७२ च्या, टांकसाळीची खूण नसलेल्या नाण्यांच्या मागच्या बाजूची तीन रूपे आहेत. त्यांतले दुसरे रूप खऱ्या अर्थाने दुर्मिळ. ते मुळात चांदीच्या प्रूफ नाण्यांसाठीच्या साच्याचे आहे. ओळखायचे असेल तर गरुडाच्या वर काढलेल्या पृथ्वीवर फ्लोरिडाखालची बेटे कशी मांडली आहेत, ते भिंगातून बघावे लागते. एनजीसीकडे पाठवताना व्हरायटीची नोंद हवी असेल तर अर्जात तसे मागावे लागते आणि बहुधा त्याचे वेगळे शुल्क पडते. लोक हे विसरतात आणि मग संस्थेला दोष देत बसतात.

आपला,
शिरीष


प्रेषक: अनघा (एडिसन)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: डॉलर नाण्यांची प्रतवारी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रूफ संच आणि रोल घरीच राहतील. १९७२ ची नाणी भिंगाखाली पाहिली. दोन नाण्यांवरची पृथ्वी इतरांपेक्षा वेगळी वाटते, तिची कड गोल आहे आणि बेटे नीट उमटलेली नाहीत. नाण्यांवर मात्र पाकिटाच्या कागदाचा पिवळसर थर बसला आहे. तो पुसून मग पाठवावीत का?


प्रेषक: मुकुंद (फिलाडेल्फिया)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: डॉलर नाण्यांची प्रतवारी

अनघाताई, कृपया काहीही पुसू नका. पुसलेल्या नाण्याला कोणतीही संस्था निखळ दर्जा देत नाही. ‘साफ केलेले’ असा शेरा मारून परत पाठवते, आणि एकदा तसा शेरा बसला की नाणे दुर्मिळ असूनही त्याचा भाव पडतो. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतही ती ठेवू नका, कारण त्यांतून सुटणारे द्रव्य धातूला चिकटते. मायलार या सुरक्षित प्लॅस्टिकचे स्वच्छ कप्पे घ्या, नाणे कडेने धरून आत सरकवा आणि ती दोन्ही नाणी व्हरायटीची नोंद मागून पाठवा.

शिरीषराव, ठेवायच्या नाण्यांबाबत आपला मुद्दा मला पटतो. तरी ही दोन नाणी खरोखरच दुसऱ्या रूपाची निघाली, तर ती विकायच्या गटात जातील, आणि त्यांच्यासाठी मी पीसीजीएसच म्हणेन. बाकीच्या आयझेनहॉवरसाठी ॲनॅक्स ठीक आहे. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन ठेवा आणि टपालाचा विमा उतरवा. स्लॅब परत आल्यावर त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून बघा. आपण स्वतः पाठवलेल्या नाण्यासाठी ते वरकरणी अनावश्यक वाटेल, पण घेणारा तोच क्रमांक तपासणार असल्यामुळे नोंदीत वर्ष किंवा व्हरायटी चुकली असेल, तर ती आपल्याला आधी कळलेली बरी.

मुकुंद