ओट्यामागची काच: लॅकर्ड आणि इनॅमल वेगळ्या

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला लावलेल्या काचेचा रंग पोपडे धरून सुटतो, अशी तक्रार ऐकू येते. हा अनुभव लॅकर्ड काचेचा आहे. तिथे रंग नुसता मागून फासलेला असतो. सिरॅमिक इनॅमलचं तसं नाही. त्यात रंगद्रव्य मिसळलेली काचेचीच पूड असते. काच टफन करताना, म्हणजे तापवून मजबूत करताना, भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, तेव्हा ही पूड वितळून पृष्ठभागाशी एकजीव होते. शेगडीमागे इनॅमलचीच काच घ्यावी, असं माझं ठाम मत.

फक्त सॉकेटची भोकं आणि कडांचे काप ऑर्डरआधीच पक्के करा. टफन झाल्यावर ड्रिल लावलात तर अख्ख्या काचेचा चुरा होतो. पांढरा रंग हवा असेल तर कमी लोहाची काच मागा. साध्या काचेतल्या लोहामुळे तो हिरवट दिसतो.