विषय: दिवाळीनंतरचं मानसिक आरोग्याचं व्याख्यान

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
इथे इंग्लंडमध्ये आपल्या मराठी मंडळातर्फे दिवाळीनंतरच्या शनिवारी मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवायचं ठरतंय, एक मराठी सायकियाट्रिस्ट यायला तयार आहेत, हॉल मिळालाय, नंतर जेवण. येणाऱ्यांनी ह्याच मेलिंग लिस्टवर नावं कळवा म्हणजे केटरिंगचा आकडा देता येईल.

---

प्रेषक: एक सभासद (प्रॅक्टिस नर्स)

दादा, व्याख्यान जरूर ठेवा पण नावं लिस्टवर मागू नका प्लीज. ज्याला खरी गरज आहे तो चारशे लोकांच्या लिस्टवर "मी येतोय" असं लिहिणार नाही, आणि हॉलमध्ये दिसला तर रात्रीपर्यंत पुण्यात त्याच्या मामीला कळलेलं असेल. मुलीचं लग्न जमायचं असेल तर विचारूच नका. लहानपणापासून "येरवड्याला पाठवायला पाहिजे तुला" हे चिडवण्यासारखं ऐकलंय आपण, ते विमानात बसल्यावर गळून पडत नाही.

सर्जरीत, म्हणजे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात, मी बघते, आपल्या बायका येतात त्या डोकेदुखी, छातीत धडधड, ॲसिडिटी, झोप नाही असं घेऊन येतात. खोटं नाही सांगत त्या, शरीरालाच होतंय ते. पण अपॉइंटमेंट साधारण दहा मिनिटांची, ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि मन कसंय हे त्यांना कुणी विचारत नाही आणि त्याही आपणहून काढत नाहीत. डिप्रेशनसाठी इथे जी पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून घेतात त्यात झोप, भूक, थकवा आहे पण डोकेदुखी, छातीतली धडधड काहीच नाही.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

तुझं पटतंय पण एक सांगू का बेटा, आम्ही 70च्या दशकात आलो तेव्हा हे थेरपी वगैरे काही नव्हतं आणि तरी माणसं उभी राहिली. कुणाकडे दुःख झालं तर घरोघरचे डबे जायचे, कुणीतरी रात्री झोपायला जायचं. परक्या गोऱ्या माणसासमोर सासू-सून, भावाभावातलं बोलायचं म्हणजे त्याला काय कळणार? त्याला वाटेल सरळ वेगळे राहा. ह्याला लाज म्हणू नका, घरातलं घरात ठेवण्याचे संस्कार आहेत ते.

---

प्रेषक: प्रॅक्टिस नर्स

काका, डबे हवेतच, त्याला पर्याय नाही. पण डबे महिनाभर येतात आणि डिप्रेशन सहा महिन्यांनीही असतं, तेव्हा त्या माणसाला वाटतं आता कुणाला सांगायचं, सगळ्यांनी केलंय की. आणि "वेगळे राहा" ची भीती खरी आहे, म्हणूनच पहिल्याच भेटीत सांगायचं की आमच्याकडे एकत्र राहतात आणि मला ते मोडायचं नाहीये. चांगला थेरपिस्ट तिथून पुढे जातो. नाही गेला तर दुसरा मागायचा, मागता येतो.

लोकांना माहीत नसलेल्या गोष्टी ह्या आहेत. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजला (सरकारी आरोग्यसेवेतली, बोलून उपचार करणारी सेवा) जीपीला न विचारता स्वतः ऑनलाइन नाव देता येतं, फुकट आहे, फक्त कुठल्यातरी जीपीकडे नोंदणी हवी. तुमची मेडिकल माहिती ऑफिसला तुमच्या परवानगीशिवाय मिळत नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र थेरपिस्ट पुढे कळवतो. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर दुभाष्या मागा, त्याचे पैसे नाहीत, आणि मुलीला किंवा सुनेला दुभाषी म्हणून बसवू नका, आई मुलीच्या तोंडून काय सांगणार आहे? दुभाष्या ओळखीचा निघेल अशी धास्ती असेल तर फोनवरचा, दुसऱ्या गावचा मागा.

रात्री अपरात्री जिवाचं बरंवाईट मनात येत असेल तर 111 लावून 2 दाबा, किंवा समॅरिटन्स ह्या हेल्पलाइनला 116 123, फुकट, चोवीस तास. जीव आत्ताच धोक्यात असेल तर सरळ 999.

---

प्रेषक: सचिव

एका सभासदाने मला वेगळा मेल करून नाव न देता हे लिस्टवर टाकायला सांगितलंय: "दोन वर्षांपूर्वी मी स्वतः टॉकिंग थेरपीजचा फॉर्म भरला. बायकोलाही आधी सांगितलं नव्हतं. सुरू झाल्यावर सांगितलं, ती म्हणाली इतके दिवस एकटा का राहिलास. ज्यांना फॉर्म भरायला सोबत हवी त्यांनी सचिवांना मेल करा, ते माझ्यापर्यंत पोचवतील."

तर हॉल रद्द. त्याच शनिवारी संध्याकाळी झूमवर ठेवतोय, कॅमेरा बंद, नावाच्या जागी काहीही टाका, प्रश्न डॉक्टरांना थेट चॅटवर, इतरांना दिसणार नाहीत. रेकॉर्डिंग नाही. ताईंनी दिलेले नंबर आणि फॉर्मची लिंक मंडळाच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर टाकतो, दिवाळी अंकातही छापू. काका, डब्यांची यादी तुम्ही सांभाळाल का? सहाव्या महिन्यापर्यंतची करू या वेळी.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

करतो. माझ्या हिच्याशी बोलून सोमवारी पाठवतो.