कोटेशनमध्ये पाया धरलाय का?

बी १०१ काकू: नमस्कार सर्वांना. सकाळी आपल्या सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर दोन माणसं टेप लावून मापं घेत होती, विचारलं तर म्हणाली स्केटिंग रिंकसाठी. म्हणजे ठरलं का सगळं?? मागच्या मीटिंगला "नुसता विचार करतोय" एवढंच सांगितलं होतं. माझ्या बेडरूमची खिडकी थेट त्या प्लॉटवर उघडते हे कमिटीला चांगलं माहीत आहे. जिमच्या वेळीही हेच झालं, बी विंगच्या पहिल्या मजल्याला सगळ्यात शेवटी कळतं

सेक्रेटरी: काकू नमस्कार. काहीही ठरलेलं नाही, मापाशिवाय कोटेशन देता येत नाही म्हणाले म्हणून बोलावलं होतं. कोटेशन आलंय, पीडीएफ टाकलीय. स्टीलचं प्रीफॅब स्ट्रक्चर, आत ४० बाय २० मीटरची रोलर रिंक, वर पत्रा, चारही बाजू उघड्या. सगळे भाग कारखान्यात तयार होऊन येणार, इथे फक्त बोल्टने जोडायचे. सर्वांनी आधी वाचावं, मग मत द्यावं ही विनंती 🙏

ए ५०३ आजोबा: कोटेशनमध्ये पाया धरलाय का?

ए ३०४ ताई: कमिटीचे मनापासून आभार. गेली दोन वर्षं मुलगी पहाटे बेसमेंट पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करतेय, गाड्या निघायच्या आत. मागच्या गुरुवारी रॅम्पच्या खाली जो सांधा आहे ना त्यात पुढचं चाक अडकलं आणि हनुवटीवर पडली, चार टाके आहेत. हेल्मेट होतं, मनगटाचे गार्ड होते, तरी. सांधा बोटभर पण रुंद नाहीये पण क्वाड स्केटचं (पुढे दोन, मागे दोन चाकंवाला) चाकच जेमतेम ६० मिलिमीटर उंच असतं, ते त्यात अडकतंच

सी ६०१: अरे बापरे ताई, काळजी घ्या. माझं म्हणणं करायचीच तर बर्फाची करू ना! एवढी शेड बांधतोच आहोत

बी ४०४: मी आधीपासून सांगतोय, तिथे पार्किंग करा. थोड्या मुलांसाठी एवढी जागा आणि आमच्या गाड्या रस्त्यावर

बी १०१ काकू: तुमची दुसरी गाडी तर व्हिजिटर पार्किंगमध्येच असते, रस्त्यावर कधी दिसली नाही

बी ४०४: काकू तो विषय वेगळा आहे आणि मी कमिटीला लेखी कळवलेलं आहे.

खजिनदार काका: लेखी आलेलं नाही अजून. असो. विषय रिंकचा आहे

ए ५०३ आजोबा: पाया धरलाय का ते कोणी सांगेल का

सी २०२ दादा: सी ६०१, बर्फाचं डोक्यातून काढून टाक. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो. बर्फ असतो दीड इंचापेक्षाही कमी, पण त्याच्या खालच्या स्लॅबमध्ये पाइपांचं जाळं लागतं, त्यातून मिठाचं पाणी नाहीतर ग्लायकॉल (सहज न गोठणारं रसायन) रात्रंदिवस फिरत राहतं आणि ते गार करायला कॉम्प्रेसर. मुलं खेळोत न खेळोत, बिल चालूच. त्याच्याही खाली जमीन गोठून फुगू नये म्हणून चक्क गरम करणारे पाइप घालावे लागतात. शिवाय दमट हवा गार छताला लागली की पत्र्याखाली पाणी धरतं आणि थेंब थेंब बर्फावर पडून टेंगळं तयार होतात, म्हणून बंद भिंती, इन्सुलेशन, हवा कोरडी करायचं मशीन. उघड्या शेडमध्ये हे जमतच नाही. आणि मोठ्या रिंकना गार करायला बऱ्याच ठिकाणी अमोनिया वायू वापरतात, २०१७ मध्ये कॅनडात फर्नी गावच्या रिंकमध्ये अमोनिया गळून तिघं गेली. ती जबाबदारी आपण कोणाच्या गळ्यात घालणार?

सी ६०१: ओके दादा, पटलं. मग प्लॅस्टिकचा बर्फ? ते पॅनल येतात ना

सी २०२ दादा: येतात. वीज लागत नाही हे खरं, पण घर्षण जास्त, ब्लेडची धार लवकर जाते आणि पॅनल घासले की बदलायचे. आपल्याकडे बर्फाचे स्केट्स किती जणांकडे आहेत? रोलरच बरं

सी ६०१: एकाकडे पण नाहीत 😄

बी ४०४: म्हणजे रोलरचे तरी किती जणांकडे आहेत ते मोजा. एका मुलीच्या प्रॅक्टिससाठी सगळ्यांनी पैसे भरायचे का हा सरळ प्रश्न आहे

ए ३०४ ताई: बी ४०४, एका मुलीसाठी नाही. बारा मुलं आहेत, मी यादी मागच्या महिन्यात इथेच टाकली होती. आणि तुमची पुतणी त्यात आहे.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक बोलू नये 🙏

बी १०१ काकू: मुलांनी खेळू नये असं माझं म्हणणं नाही, ताई गैरसमज नको. पण पावसात पत्र्याचा आवाज काय असतो ते जुन्या सायकल शेडच्या बाजूला आठ वर्षं राहून मला ठाऊक आहे. जोराचा पाऊस आला की फोनवर बोलता यायचं नाही. ती शेड एका गाडीएवढी होती, ही केवढी!!

सी २०२ दादा: काकू तुमचं बरोबर आहे, नुसता पत्रा टाकला तर ढोलच वाजणार. पण पत्र्याखाली ग्लासवूलचं ब्लँकेट टाकलं नाहीतर दोन पत्र्यांच्या मध्ये फोम असलेलं पॅनल घेतलं तर आवाज बराच दबतो आणि दुपारी खाली जी भट्टी होते तीही होत नाही. कोटेशनच्या तिसऱ्या पानावर बघा, "बेअर शीट" लिहिलंय. म्हणजे यात इन्सुलेशन नाहीये. ते वेगळं मागायला लागेल आणि आकडा वाढेल. चाकांचा आवाज म्हणाल तर फरशी गुळगुळीत असेल तर नुसती घरघर येते, सांधे असले की टक-टक

खजिनदार काका: इन्सुलेशन नाही हे मला पहिल्यांदाच कळतंय.

बी १०१ काकू: बघा

ए ५०३ आजोबा: पाया धरलाय का कोटेशनमध्ये?

सी ६०१: आजोबा, पाया काय एवढा, स्टील हलकं असतं, म्हणून तर प्रीफॅब

सी २०२ दादा: उलट आहे रे. हलकं असतं म्हणूनच पाया लागतो. उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो, वादळात ते उचलणं शेडच्या वजनापेक्षा जास्त होऊ शकतं. तेव्हा पायाचं काम नुसतं वजन पेलायचं नसतं, शेड धरून ठेवायचंही असतं. आजोबांचा प्रश्न रास्त आहे, मी पण पूर्ण पीडीएफ वाचलेली नाही अजून, रात्री बघतो

ए २०१: माझ्या भाच्याने पाठवलंय, वाचा: १९७८ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या मोठ्या क्रीडागृहाचं स्टीलचं छप्पर पहाटे कोसळलं, आदल्या रात्री तिथे हजारो लोक मॅच बघत होते!! २००६ मध्ये जर्मनीत बाड रायखेनहाल इथल्या आइस रिंकचं छत पडून १५ जण गेले!! मुलांना त्याखाली पाठवायचं का??

ए २०१: सर्वांनी वाचावे ही विनंती, फॉरवर्ड करा

सी २०२ दादा: ए २०१, दोन्ही खरं आहे, पण अर्धंच सांगितलंय. जर्मनीतलं छत लाकडी होतं, वर्षानुवर्षं ओल खाऊन त्यातला डिंक कमजोर झाला होता आणि वर बर्फ साचला. हार्टफर्डचं मात्र स्टीलचंच, तिथे वाचण्यासारखी गोष्ट अशी की छप्पर जमिनीवर जोडत असतानाच हिशोबापेक्षा जास्त वाकत होतं, ते दिसलंही होतं, कोणी मनावर घेतलं नाही. म्हणून मी म्हणतो डिझाइनचा हिशोब मागा आणि तो त्यांच्याच माणसाकडून नको, बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. त्याची फी पूर्ण कामाच्या मानाने किरकोळ असते

बी ४०४: पार्किंगला एवढा हिशोब लागला नसता

बी १०१ काकू: तुम्ही आधी ते पत्र द्या खजिनदारांना

सेक्रेटरी: 🙏🙏

ए ३०४ ताई: दादा, एक विचारू का, मग फायदा काय प्रीफॅबचा? आरसीसीच का करू नये, मला खरंच कळत नाही म्हणून विचारतेय

सी २०२ दादा: विचारा की. पहिला फायदा मधे खांब नाही. २० मीटर रुंदी एका झेपेत झाकायची तर आरसीसीत बीम अवाढव्य होतात, स्टीलच्या फ्रेमला ते रोजचं काम आहे. दुसरं, इथे पाया चालू असताना तिकडे कारखान्यात फ्रेम तयार होतात, त्यामुळे सेंट्रिंग, पाणी मारणं, महिनोन्‌महिने धूळ हे छपरासाठी नसतं. काकूंनाही ते बरंच पडेल. तिसरं, उद्या नको झालं तर बोल्ट काढून हलवता येतं, विकता येतं, स्टील भंगारात गेलं तरी पैसे देऊन जातं. आणि ४० बाय २० म्हणजे ८०० चौरस मीटर छप्पर, त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ८०० लिटर पाणी. ५० मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे ४० हजार लिटर. ते टाकीत नाहीतर बोअरला सोडता येतं. सोलरही बसेल, पण ते आत्ताच सांगावं लागतं, पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) त्या वजनाला धरून करायला लागतात, मागून चढवू म्हटलं तर जमत नाही

खजिनदार काका: पाण्याचं चांगलं आहे. पण देखभालीचं बोला.

सी २०२ दादा: खरं दुखणं तिथेच आहे. सायकल शेड मोडली तेव्हा मी एक स्क्रू उचलून ठेवला होता, फोटो टाकतो. स्क्रूखालचा काळा रबरी वॉशर बघा, उन्हाने खडखडीत होऊन चिरा गेल्यात, नखाने टोचलं की तुकडा पडतो. गळती तिथूनच व्हायची आणि आपण पत्र्यावर डांबर थापत बसलो. ४० मीटर लांब पत्रा ३० अंशांनी तापला की साधारण १४ मिलिमीटर वाढतो, रोज वाढतो आणि रात्री आखडतो. घट्ट स्क्रू मारले की भोकं मोठी होतात. म्हणून सरकणाऱ्या क्लिपवरचा पत्रा घ्या, आणि दर पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून वॉशर, गटर आणि गंज बघायचाच. ते दरवर्षी करणार असू तरच हो म्हणा

बी १०१ काकू: आपण लिफ्टचा पंखा सहा महिन्यांत बदलू शकलो नाही

सेक्रेटरी: काकू, पंखा कालच बसवला.

बी १०१ काकू: हो बसवला, आभारी आहे

ए ५०३ आजोबा: पाया धरलाय का

खजिनदार काका: आजोबा, मी आत्ताच त्यांना फोन केला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "ग्राहकाच्या कक्षेत" म्हणून यादी आहे. पाया, अँकर बोल्ट (खांब पायाला धरून ठेवणारे), फरशी, वीज आणि दिवे, गटाराचं पाणी पुढे नेणारे पाइप, सामान उतरवायला क्रेन. यातलं काहीच त्यांच्या आकड्यात नाही. म्हणजे आपण जो आकडा बघतोय तो नुसत्या सांगाड्याचा आणि पत्र्याचा आहे. माझ्याकडून बघायचं राहिलं, क्षमस्व.

बी ४०४: वा

ए ३०४ ताई: फरशी पण नाही?? रिंक म्हणजे तर फरशीच ना

सी २०२ दादा: तेच. मुलं छपरावर स्केटिंग करत नाहीत. खाली जमीन नीट दाबून, ट्रिमिक्स करून (काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी ओढून) सपाट स्लॅब, ग्रूव्ह म्हणजे खाचा वेळेत कापायच्या नाहीतर तडे जिथे वाटेल तिथे जातात, त्या खाचा भरून मग वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर. स्लॅब पूर्ण वाळायच्या आत थर मारला तर फोड येतात. हे काम घाईत केलं तर ताईंच्या मुलीला पुन्हा तोच सांधा, फक्त वर छप्पर

ए ५०३ आजोबा: मी चार दिवस एकच विचारत होतो म्हणून काहींना राग आला असेल. सांगतो का ते. मी जिथे स्टोअर सांभाळायचो तिथे अशीच शेड घेतली होती. सांगाडा स्वस्तात मिळाला म्हणून सगळे खूश. माल आला, आणि पायाचे पैसे मंजूरच झालेले नव्हते. आठ महिने पत्र्याचे गठ्ठे उघड्यावर, वर ताडपत्री. पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरलं की बाहेर पडत नाही. पावसाळ्यानंतर गठ्ठा उघडला तर आत पांढरी भुकटी, हाताला खडूसारखी लागायची, गॅल्व्हनाइझिंग म्हणजे वरचा जस्ताचा थर गेलेला. नवा कोरा माल, एकदाही वर न चढलेला. रजिस्टरला नोंद माझ्या हाताने केली आहे. पाया नसेल तर स्टील गेटच्या आत घेऊ नका एवढंच माझं म्हणणं

सी ६०१: सॉरी आजोबा, मला माहीत नव्हतं

बी १०१ काकू: आजोबा बरं झालं तुम्ही धरून ठेवलंत.

सेक्रेटरी: ठीक आहे. सी २०२ दादांनी मुद्दे लिहून द्यावेत, त्याप्रमाणे सगळं धरून तीन ठिकाणांहून नवीन कोटेशन मागवतो. पाया, फरशी, इन्सुलेशन, दिवे, दहा वर्षांची देखभाल वेगळी दाखवून. तोपर्यंत सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांना) हात लावणार नाही. शिवाय खेळायच्या वेळा बी विंगच्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याला विचारून ठरतील, हे मिनिट्समध्ये घेतो.

बी १०१ काकू: लेखी घ्या. आणि संध्याकाळी साडेआठनंतर नाही, परीक्षेच्या दिवसांत स्पीकर नाही, एवढं असेल तर माझी सही घ्या. पण ताई, तिचे टाके कधी निघणार?

ए ३०४ ताई: सोमवारी काकू. पहाटे उठून स्केट्स पुसत बसते, खाली जाऊ देत नाही मी

बी १०१ काकू: मग रिंकचं होईल तेव्हा होईल, पार्किंगमधला तो सांधा तरी आधी बुजवा कोणीतरी

सी २०२ दादा: तो नुसता भरून चालणार नाही, स्लॅब हलतो तिथे, परत फुटेल. वर पट्टी एका बाजूने बसवून दुसरी बाजू मोकळी ठेवायची, कडा तासून. माझ्याकडे पट्टी आहे, रविवारी सकाळी करतो. बी ४०४, तुमची गाडी नेमकी तिथे असते, काढाल का?

बी ४०४: काढतो. ड्रिल पण आहे माझ्याकडे, घेऊन येतो

ए ५०३ आजोबा: नवीन कोटेशन आलं की पाण्याचा निचरा धरलाय का बघा