जॅझ: हरण्यातही नापास

'मुद्दाम हरून तळाला राहिलं की चांगला नवा खेळाडू आधी निवडता येतो, म्हणजे हरणं हीसुद्धा गुंतवणूकच' हा तुमचा मुद्दा डोक्याला पटतो, मनाला नाही. 2022 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या आमच्या युटा जॅझने गोबेअर आणि मिचेल या दोन्ही स्टार खेळाडूंना सोडलं तेव्हा मीच म्हणालो होतो, बरं झालं, रुतलेला गाडा मोडला एकदाचा. बदल्यात ढीगभर पिक्स (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) आले, मार्कानेनसारखा खेळाडू आला.

पण 2024-25 चा हंगाम? 17 विजय, 65 पराभव, सगळ्या लीगमध्ये तळाला. त्यात मार्कानेनला खेळता येत असताना बसवून ठेवलं म्हणून एनबीएने 1 लाख डॉलर्सचा दंड ठोकला. एवढी अब्रू घालवून निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत मिळालं काय, तर पाचवा पिक! ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता तो कूपर फ्लॅग पहिल्या पिकने गेला डॅलसला, ज्यांना तो पिक मिळण्याची शक्यता जेमतेम 1.8 टक्के होती. 2019 पासूनच्या नियमाने तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची सारखीच 14 टक्के शक्यता होती. शेवटून पहिलं येण्याचा फायदा इतकाच, की पाचव्या पिकच्या खाली घसरायची भीती नव्हती. आम्ही तो फायदा पुरेपूर घेतला म्हणायचा.

तरी थंडीत सकाळी साडेसातला चहा घेऊन सामना लावतोच. आमच्या कीऑन्टे जॉर्जचा थ्री (तीन गुणांचा बास्केट) पडला की टुणकन उठतो, आणि लगेच पोटात गोळा येतो: अरे, जिंकतायत की काय हे?