मदत हवी आहे : शपथ घेतली म्हणून सात वर्षं? (अर्जंट)

विंगेतली :
मंडळी, त्या सहा जणांवर एकांकिका करतोय, रविवारी तालीम आहे आणि कोर्टाचा सीन अडलाय. युनियन काढली म्हणून सात वर्षं काळं पाणी असं जिथेतिथे लिहिलंय, पण युनियनवरची बंदी तर आधीच उठली होती ना? मग आरोप कसला? सरकारी वकिलाच्या तोंडी काय घालू? गूगल कर म्हणू नका प्लीज, तेच करून आलेय.

रिकामटेकडा :
कोण सहा जण? कुठलं कोर्ट? काळं पाणी म्हणजे अंदमान का?

विंगेतली :
अहो टॉलपडल! इंग्लंडमधलं डॉर्सेट, १८३४, शेतमजूर. अंदमान नाही, ऑस्ट्रेलियाला धाडलं.

खटपट्या :
इंग्लंडला कशाला जाताय, आपले नारायण मेघाजी लोखंडे आहेत की. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. परीक्षकांनाही बरं वाटतं.

नाशिककर :
खटपट्या, विषय शेतमजुरांचा आहे, गिरणीचा नाही. आपल्याकडचंच हवं तर १९४५ चा तलासरी-उंबरगावचा वारल्यांचा लढा घ्या, गोदावरी परुळेकर होत्या त्यात.

विंगेतली :
विषय ठरलाय हो!! नावनोंदणीपण झालीय.

जुना_वकील :
ताई, शंका बरोबर आहे तुमची. बंदी १८२४ लाच उठली, पुढच्या वर्षी थोडं आवळलं पण संघटना कायदेशीरच राहिली. पण १८३० च्या शेतमजुरांच्या दंग्यांनी जमीनदार हादरलेले, त्यातला फ्रॅम्प्टन हा स्वतःच मॅजिस्ट्रेट, त्याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नला लिहिलं आणि शेवटी १७९७ चा बेकायदा शपथांचा कायदा उकरून काढला, जो मुळात आरमारातल्या बंडानंतर केलेला. हे लोक सभासद करून घेताना डोळ्यांवर पट्टी बांधायचे, पट्टी सोडली की समोर सांगाड्याचं चित्र, मग गुपित न फोडण्याची शपथ. आरोप त्या शपथेचा. तुमचा सरकारी वकील मजुरीबद्दल चकार शब्द काढणार नाही, तुमचा सीन तिथेच आहे. मजुरी मात्र कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या : आठवड्याला नऊ शिलिंग, मग आठ, मग सात, आणि पुढे सहाची भाषा.

रिकामटेकडा :
म्हणजे युनियन बेकायदाच होती की.

जुना_वकील :
परत वाचा.

थेम्सकाठी :
मी जाऊन आलोय. लंडन वॉटर्लूहून डॉर्चेस्टर साउथची गाडी पकडा, पुढे टॅक्सी. ज्या झाडाखाली जमायचे म्हणतात ते सिकमोरचं झाड अजून आहे. जुलैत मेळा भरतो, तेव्हा राहायचं बुकिंग आधी करा.

विंगेतली :
मला जायचं नाहीये 😭 पण वकीलकाका, खूप थँक्यू, सीन सुटला. एकच राहिलं, शपथेच्या सीनमध्ये सहाही नट उभे करू ना?

नाशिककर :
नको. जेम्स हॅमेट त्या रात्री नव्हताच म्हणतात, त्याचा भाऊ जॉन होता. पोलिसांनी धरलं याला, आणि हा भावाचं नाव न घेता गेला. लवलेस बंधू, स्टॅन्डफील्ड बापलेक, ब्राइन यांच्यापेक्षा एकांकिका याची आहे, माझं मत.

खटपट्या :
सुटले कधी मग?

जुना_वकील :
लंडनमध्ये प्रचंड मोर्चा, लाखो सह्या, आणि १८३६ मध्ये माफी. इकडे त्यांच्या बायकापोरांना गावाच्या फंडातली मदतही नाकारली होती. परतल्यावर पाच जण पुढे कॅनडाला गेले. हॅमेट सगळ्यांत शेवटी, १८३९ ला आला, गावातच राहिला आणि १८९१ मध्ये गरिबांच्या सरकारी आश्रमात वारला.

रिकामटेकडा :
मग शेवट कॅनडात करा, बर्फ वगैरे दाखवता येईल.

विंगेतली :
पाऊण तासात बर्फ कुठून आणू? आता मला भावासाठी सातवा नट शोधायचाय. ठाण्यात कुणी मोकळं आहे का, संवाद नाहीत, नुसतं गप्प उभं राहायचंय.