उसिक–फ्युरी पुनर्लढत: वजन भारी पडेल की पाय? (२०२४, लढतीआधीची चर्चा)

गिरगावकर:
बॉक्सर ऑलेक्झांडर उसिक आणि टायसन फ्युरी २१ डिसेंबर २०२४ रोजी रियाधमध्ये पुन्हा समोरासमोर येत आहेत. मुंबईत ही लढत पाहायची तर रविवारी, २२ तारखेला पहाटे उठावे लागेल. १८ मेच्या पहिल्या लढतीत उसिकने तीनपैकी दोन परीक्षकांच्या कौलाने विजय मिळवून हेविवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातले जगज्जेतेपदाचे चारही पट्टे एकत्र आणले होते. त्यांपैकी आयबीएफ या संघटनेचा पट्टा त्याने नंतर सोडल्यामुळे या वेळी उरलेले तीन पणाला लागले आहेत. माझे मत स्पष्ट आहे: उसिक पुन्हा गुणांवरच जिंकेल आणि या वेळी निकालाबद्दल एवढा वाद उरणार नाही.

सहा फूट तीन इंचांचा माणूस सहा फूट नऊ इंचांच्या माणसावर सतत चालून जातो, हेच मला त्या लढतीत सर्वांत महत्त्वाचे वाटले. उसिकचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चेहऱ्याइतकाच छातीवर आणि पोटावर जात होता. त्यातले बरेच ठोसे गुण मिळवण्यासाठी नव्हतेच. फ्युरीला दर वेळी आपले २६२ पौंड मागे सरकवायला लावणे, हे त्यांचे खरे काम होते. चौथ्या ते सातव्या फेरीपर्यंत फ्युरी वरचढ होता हे मान्यच आहे. पण आठव्या फेरीपासून त्याचे पाय जड झाले आणि नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हाताने तो एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर भेलकांडत गेला. तो खाली पडला नाही तो केवळ दोऱ्यांनी सावरल्यामुळे, आणि असे सावरणे पडण्यासारखेच धरतात म्हणून पंचांनी पडलेल्या खेळाडूसाठीची मोजणी सुरू केली.

दादरकर:
गिरगावकर, त्या एका मोजणीवर आपण फार मोठी इमारत उभारत आहात. गुणतक्ते पुन्हा पाहावेत. एका परीक्षकाने उसिकला ११५–११२, दुसऱ्याने उसिकला ११४–११३ आणि तिसऱ्याने फ्युरीला ११४–११३ असे गुण दिले. मोजणीमुळे फ्युरीचा गेलेला एक गुण परत धरला, तर पहिला तक्ता ११५–११३ असा उसिककडेच राहतो, दुसरा ११४–११४ असा बरोबरीत येतो आणि तिसरा ११५–११३ असा फ्युरीकडे जातो. म्हणजे लढत अनिर्णित! छत्तीस मिनिटांच्या लढतीत काही सेकंदांच्या पडझडीमुळे एवढा फरक पडला असेल, तर पुनर्लढतीत उसिक सहज जिंकेल असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

शिवाय पहिल्या फेरीत फ्युरी कोपऱ्यात उभा राहून हातवारे करत होता. तो वेळ त्याने वाया घालवला. पुनर्लढतीत तो वेगळाच माणूस असतो. डिसेंबर २०१८ मध्ये डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध तो मागे सरकत, हुलकावण्या देत खेळला आणि लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी २०२० मध्ये तोच फ्युरी २७३ पौंडांचा होऊन आला, पहिल्या मिनिटापासून पुढे चालत राहिला, मिठीत घेऊन वाइल्डरच्या मानेवर सगळा भार टाकत राहिला आणि सातव्या फेरीत लढत संपली. या वेळीही तो जास्त वजन घेऊनच उतरेल आणि उसिकला आत येताच दाबून धरेल, असा माझा अंदाज आहे.

परळची प्रशिक्षक:
मी मुलामुलींना बॉक्सिंग शिकवते, त्यामुळे ठोशांआधी माझे लक्ष पायांकडे जाते. उसिक डावखुरा आहे, म्हणजे त्याचा उजवा पाय पुढे असतो आणि फ्युरीचा डावा. अशा जोडीत ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू कोपरारक्षकाच्या पायावर जशी नजर ठेवतो, तशीच नजर इथे लागते. मे महिन्यात पहिल्या तीन आणि शेवटच्या पाच फेऱ्यांत हे पाऊल बहुतेक वेळा उसिकचे बाहेर पडले. मधल्या फेऱ्यांत तो समोरासमोर उभा राहिला आणि डोके खाली घालून आत शिरताना फ्युरीचा उजवा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, त्याच्या बरगड्यांवर आणि पोटावर बसत गेला.

म्हणूनच दादरकरांचा वजनाचा मुद्दा मला उलटा वाटतो. वाइल्डर मागे सरकताना सरळ रेषेत सरकतो, त्यामुळे त्याच्यावर भार टाकणे सोपे गेले. उसिक तिरका निघतो. जो माणूस तुमच्या पुढच्या पायाला वळसा घालून बाजूला जातो, त्याच्यावर रेलण्यासाठी आधी तुम्हाला वळावे लागते, आणि वाढलेले पौंड त्या प्रत्येक वळणावर वाहून न्यावे लागतात.

माहीमकर:
पण पोटाचे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफला डॅनियल दुब्वाचा कमरपट्ट्याजवळ बसलेला ठोसा पंचांनी नियमबाह्य ठरवला नसता, तर उसिक त्या पाचव्या फेरीत वेळेत उठला असता का, याची मला शंका आहे. फ्युरीने सुरुवातीपासून पोटावरच मारा ठेवला तर आठव्या फेरीत थकलेला माणूस उसिक असेल, आणि त्याचे वय आता ३७ आहे.

गिरगावकर:
शंका रास्त आहे, पण त्याच लढतीत नवव्या फेरीत दुब्वाला बाद करणाराही उसिकच होता. ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दाला अँथनी जोशुआने पुनर्लढतीत नेमका हाच मार्ग धरला होता. पोटावर मारा झाला, नववी फेरी जोशुआची गेली, आणि दहाव्या फेरीत उसिकने असा वेग वाढवला की पुढे जोशुआला डोके वर काढता आले नाही. दादरकर, नवव्या फेरीतली ती मोजणी तुम्ही अपघात मानता. मला ती आठ फेऱ्यांच्या चालीचे फळ वाटते. माझा आकडा ११६–११२, उसिक.

दादरकर:
अपघात मी म्हटलेले नाही. निर्णायक फरक तेवढाच होता, एवढेच म्हटले. उसिकची वाट रोखण्याचे साधन फ्युरीकडे आहे: ८५ इंचांच्या पल्ल्याचा डावा जॅब, जो त्याने मे महिन्यात फार लवकर सोडून दिला. तो त्याने बाराही फेऱ्या चालू ठेवला तर ११५–११३ फ्युरी, यावर मी ठाम आहे.

परळची प्रशिक्षक:
मग पहिल्या दोन फेऱ्यांत फ्युरीचा डावा पाय पाहा. जॅबबरोबर तो बाहेर पडत असेल तर दादरकरांचे खरे होण्याची शक्यता आहे. तो जागेवरच राहून नुसता हात पुढे येत असेल, तर उसिक त्या हातावरून डावा ठोसा टाकेल, आणि मग निकाल गुणांपर्यंत जाईलच असे मी धरून चालणार नाही.