पहिल्यांदाच काजवे बघितले! एवढे एका तालात कसे चमकतात?

४३ व्या वर्षी पहिल्यांदा रात्रीच्या जंगलात गेले, भंडारदऱ्याला, जूनच्या सुरुवातीला. अंधाराची भीती म्हणून इतकी वर्षं टाळत होते. एका सादड्याच्या झाडाखाली थांबलो आणि अख्खं झाड लुकलुकायला लागलं, विझलं, परत पेटलं, एक काजवा तर माझ्या ओढणीवरच येऊन बसला, हिरवट पिवळा उजेड, बोट लावलं तर चटका नाही काही नाही. रडूच आलं मला.

» ताई, चमकणारे बहुतेक नर असतात, मादीला इशारा देतात, एकाचं बघून शेजारचा चमकतो म्हणून ताल जुळतो. पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन उजेड पडतो, उष्णता जवळपास नसतेच.

» पुढच्या वेळी पुरुषवाडीला जा, अकोले तालुक्यातच आहे. टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश अजिबात नको, त्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. आणि वळीव पडून गेला की लगेच निघायचं, मोठा पाऊस लागला की संपलं.

» कोकणात आजीच्या परसात खूप असायचे, दारात हॅलोजन लावल्यापासून मला एकही दिसला नाही. तुमचं वाचून येत्या मे महिन्यात तो बंद ठेवून बघणारे.